मुंबईतली वटवाघळं मोजायची कशी? रेकॉर्डर घ्यावा की डोळ्यांवर भागवावं?

निनाद_गोरेगाव
आमच्या सोसायटीमागच्या मैदानाच्या कडेला जुने रेन ट्री आहेत आणि त्यांवर फ्लाइंग फॉक्स, म्हणजे मोठ्या फळखाऊ वटवाघळांची वस्ती आहे. अंधार पडायच्या सुमारास रस्त्यावरच्या दिव्यांभोवती लहान कीटकखाऊ वटवाघळंही फिरतात. सात-आठ जण मिळून वर्षभर नोंदी ठेवायचं चाललंय. नोंदी अशा हव्यात की वॉर्ड ऑफिसात कागद ठेवला तर "हे काय शाळेचं प्रोजेक्ट आहे का" असं कुणी म्हणू नये.
माझं मत असं की आधी वर्गणी काढून अल्ट्रासाउंड, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणारे उंच आवाज टिपणारा रेकॉर्डर घ्यावा, झाडावर टांगावा, आकडा घरबसल्या मिळेल. ग्रुपमधल्या दोघांना हे पटत नाही. जाणकारांनी सांगावं. परवानगी लागते का, तेही.

चिप्पीचं_फूल
त्या दोघांना माझ्याकडून कटिंग चहा.
फ्लाइंग फॉक्स प्रतिध्वनीवर, म्हणजे आवाज काढून त्याचा पडसाद ऐकत, उडतच नाही. मोठे डोळे आणि नाक, यांवर त्याचं चालतं. दिवसभर झाडावर जो कलकलाट करतो तो आपल्या कानांना ऐकू येणारा, त्याला अल्ट्रासाउंड रेकॉर्डर कशाला? आसुपालवावर आणि ताडामाडांच्या झावळ्यांखाली राहणारं छोटं फळवटवाघूळ, सायनोप्टेरस, तेही स्वरयंत्रातून प्रतिध्वनीसाठी आवाज काढत नाही. आपल्याकडच्या फळखाऊंपैकी गुहेत राहणारं रूसेटस तेवढं जिभेने टकटक करून अंधारात वाट काढतं. म्हणजे रेन ट्रीवर शेकडो जनावरं लटकलेली असतील आणि रेकॉर्डर त्यांच्यासाठी शून्य दाखवेल. मोठ्यांसाठी डोळे, लहानांसाठी रेकॉर्डर. ही दोन वेगळी कामं आहेत, एका वहीत घालू नका.

बोरिवली_लास्ट_लोकल
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माहीम_खाडी
डोळ्यांनी मोजायचे दोन प्रकार आहेत, दोन्ही करा.

पहिली दिवसाची मोजणी. सकाळी ९ ते ११ बरी. दुपारी ऊन चढलं की ती पंख हलवत वारा घेतात, सावलीकडे सरकतात, आणि मोजणारा वेडा होतो. ८×४२ ची दुर्बीण पुरते. प्रत्येक झाडाला नंबर द्या, झाडाचे मोठ्या फांद्यांप्रमाणे भाग पाडा, आणि दोघांनी एकमेकांचा आकडा न ऐकता मोजा. वहीत दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढून मूळ आकडे खोडू नका. झोपलेलं जनावर पंखांत गुंडाळलेलं असतं. दाटीत दोन मिळून एक दिसतात, त्यामुळे दिवसाचा आकडा जवळपास नेहमीच कमी येतो. रेन ट्रीची पानं गळतात तो उन्हाळ्याच्या तोंडाचा थोडा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात त्याच झाडावरचा आकडा पडला तर "संख्या घटली" म्हणून ओरडू नका, पानं वाढलेली असतात. वहीत पालवीचा रकाना ठेवा: उघडं, अर्धं, भरलेलं.

दुसरी संध्याकाळची, बाहेर पडतानाची. सूर्यास्ताच्या १५ मिनिटं आधी जागेवर बसा. फ्लाइंग फॉक्स साधारण सूर्यास्तानंतर २० ते ४० मिनिटांत निघतात, ढगाळ दिवशी थोडे आधी. झाडांभोवती चार दिशा वाटून घ्या, प्रत्येक दिशेला दोन माणसं: एकजण आकाशातून नजर हटवत नाही आणि टॅली काउंटर दाबतो, दुसरा दर पाच मिनिटांनी आकडा उतरवतो. घोळ होतो तो इथे: काही जनावरं एक गिरकी घेऊन परत झाडावर बसतात आणि पुन्हा निघतात. परत आलेली वेगळ्या काउंटरवर मोजायची आणि शेवटी वजा करायची. दिशांच्या हद्दी आधीच ठरवा, "पाण्याच्या टाकीच्या डावीकडे तुझं, उजवीकडे माझं" अशा ढळढळीत खुणांनी. नाहीतर हद्दीवरचं प्रत्येक वटवाघूळ दोघांच्या वहीत जातं.

मुंबईचं आकाश रात्रीही उजळ असतं, त्यावर काळी आकृती झकास उठून दिसते. दिव्यांच्या प्रदूषणाचा एवढाच काय तो फायदा.

निनाद_गोरेगाव
माहीम_खाडी, हे अगदी हवं तसं. मोबाइलवर व्हिडिओ काढून मग सावकाश मोजलं तर?

माहीम_खाडी
चालेल, पण मोबाइल त्या उजेडात खरखरीत चित्र देतो आणि लांबची जनावरं त्या दाण्यांत विरतात. साधा डीएसएलआर स्टँडवर, फोकस हाताने अनंतावर, आकाशाचा एकच तुकडा चौकटीत. व्हिडिओ पडताळणीला ठेवा. चौकटीबाहेरून किती गेली ते व्हिडिओ सांगत नाही.

ड्रोनाचार्य
थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन उडवला की पाच मिनिटांत काम.

चिप्पीचं_फूल
नाव शोभतंय. पण विमानतळाचं क्षेत्र आणि पोलिसांचे मनाई आदेश आधी वाचा. शिवाय पंख्याच्या आवाजाने भरदिवसा सगळी वस्ती उठली तर मोजणार काय? लहान पिल्लं आईच्या छातीला चिकटलेली असतात, अशा पळापळीत ती खाली पडतात.

कान_टवकार
आता लहान वटवाघळांसाठी रेकॉर्डर. वर्गणी निघालीच तर ऑडिओमॉथसारखं साधं यंत्र पुरेल, फक्त सेटिंग नीट हवं.

सॅम्पल रेट, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतं ते. जितका रेट त्याच्या निम्म्यापर्यंतच आवाज नोंदला जातो. २५६ किलोहर्ट्झला लावलंत तर १२८ च्या वरचं काहीच येणार नाही, आणि आपल्याकडची काही पर्णनासिका (पानासारख्या नाकाची) वटवाघळं, उदाहरणार्थ हिप्पोसायडेरॉस स्पीओरिस, १३० च्या आसपास ओरडतात. म्हणून ३८४ ला लावा. मग एका सेकंदाला ७६८ किलोबाइट, मिनिटाला सुमारे ४६ एमबी, तासाला पावणेतीन जीबी होतात. सलग लावायची गरज नाही, १० सेकंद नोंद आणि ५० सेकंद विश्रांती ठेवली की तासाला ४६० एमबीवर येतं.

घड्याळ. यंत्र यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालतं. संध्याकाळचे ७ म्हणजे तिथे १३:३०. कॉन्फिगरेशन ॲपमध्ये स्थानिक वेळ निवडायची राहिली तर संध्याकाळऐवजी मध्यरात्रीनंतरचं रेकॉर्डिंग हातात येतं.

कार्ड. रस्त्यावरचं स्वस्त मायक्रोएसडी घेऊ नका. लॅमिंग्टन रोडला घेतलंत तरी घरी येऊन पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड ६४ जीबी म्हणतं आणि आठावर गप्प बसतं, तर निकृष्ट कार्ड लिहिताना मध्येच अडखळतं आणि फायलींत फटी पडतात.

जागा. जमिनीपासून तीन मीटर तरी वर, भिंतीपासून लांब, कारण भिंतीचा प्रतिध्वनी मूळ आवाजात मिसळून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, धुरकट होतो. लिफ्टची मशीनरूम, ट्रान्सफॉर्मर आणि एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा डबा) यांच्याजवळ अजिबात नको. तो ड्रायव्हर अल्ट्रासाउंडमध्ये सरळ आडवी रेघ काढत बसतो आणि नवखा माणूस ती वटवाघूळ म्हणून मोजतो. पावसापासून वाचवायला झिपलॉक पिशवी लावाल तर वाऱ्याने ती फडफडते आणि उंच आवाज दाबतेही. ध्वनिपटल (आवाज आत सोडणारा पातळ पडदा) असलेली पेटी घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका.

शेवंता_पक्षीमित्र
आणि रातकिडे? पावसाळ्यात सगळा स्पेक्ट्रोग्राम भरून जाईल की.

कान_टवकार
भरतोच. काही गवत्या टोळ २० ते ४० किलोहर्ट्झमध्येही गातात. फरक आकारात आहे: किड्याचा आवाज एका लयीत, एकाच पट्ट्यात, मिनिटन्मिनिटं चालतो. पिपिस्ट्रेल जातीचं लहान वटवाघूळ वरून खाली घसरणारी, हॉकी स्टिकसारखी रेघ काढतं आणि किडा पकडायच्या क्षणी त्या रेघा एकदम दाट होतात. हा दाट पट्टा, फीडिंग बझ, दिसला की जनावर तिथे फक्त जात नव्हतं, खात होतं. ती वेगळी नोंद करा.

जाती ओळखताना जपून. ढोबळ गट पाडा: २० किलोहर्ट्झच्या खालचे-आसपासचे मोकळ्या शेपटीवाले, २५ ते ३० चे थडग्यांत-कपारींत राहणारे टॅफोझस, ३५ ते ५० मध्ये पिपिस्ट्रेल आणि स्कोटोफिलसची गर्दी, आणि ७५-८० च्या वर एका पट्टीत सरळ ओरडणारे ऱ्हिनोलोफस-हिप्पोसायडेरॉस. त्या मधल्या गर्दीत जात सांगू नका, गट सांगा. ॲप आपोआप लॅटिन नाव देतं त्यावर विसंबू नका. बहुतेक ॲप युरोप-अमेरिकेच्या आवाजांवर शिकलेली आहेत, ती गोरेगावात इंग्लंडचं वटवाघूळ शोधून देतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेकॉर्डर वटवाघळं मोजत नाही, फेऱ्या मोजतो. एकाच दिव्याभोवती एकाच पिपिस्ट्रेलने चाळीस चकरा मारल्या तर चाळीस नोंदी होतात. अहवालात "संख्या" हा शब्द नको, "तासाला फेऱ्या" लिहा.

बोरिवली_लास्ट_लोकल
म्हणजे आमच्या नाक्यावरचा ट्रॅफिक सर्व्हे. एकच रिक्षा चाळीस वेळा.

मीटर_डाऊन
😂 आणि दरवेळी "नाही जाणार".

संशयात्मा_दादर
मोजा खुशाल. पण आमच्या इमारतीत आसुपालवाची रांग आहे. जून-जुलैत सकाळी गाड्यांवर बिया, भिंतीवर काळपट ओघळ. त्यात कोविड आणि निपाह. सोसायटीच्या सभेत झाडं कापायचा ठराव येऊ घातलाय. तिथे काय सांगू?

डॉ_निशाचर
निपाह आणि कोविड एका दमात नको.

महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्यातली बरीचशी पुराव्याची बाजू प्रतिपिंडांची होती. प्रतिपिंड म्हणजे त्या जनावराची कधीतरी विषाणूशी गाठ पडली होती. आत्ता ते विषाणू सोडतंय असा त्याचा अर्थ नाही. माणसांतले उद्रेक भारतात सिलिगुडी २००१, नदिया २००७, कोझिकोड २०१८ असे नोंदलेले आहेत. बांगलादेशात संसर्गाची वाट बरीचशी खजुराच्या कच्च्या रसातून गेली. वटवाघूळ रसाच्या मडक्याशी येतं आणि लाळ-मूत्र त्यात पडतं. त्यामुळे खबरदारी सरळ आहे: उष्टं, दात लागलेलं फळ खायचं नाही, फळं धुऊन-सोलून खायची, उघड्या मडक्यातली कच्ची ताडी-नीरा प्यायची नाही. झाडाखालून चालल्याने काही होत नाही. झाडं तोडली तर तीच जनावरं दुसऱ्या आवारात, आणखी दाटीने बसतात.

रेबीजचं मात्र हलक्यात घेऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाच्या संपर्काला सर्वांत वरच्या, तिसऱ्या वर्गात धरते. जमिनीवर पडलेलं जनावर उघड्या हाताने उचलायचं नाही. जाड टॉवेल, पुठ्ठ्याचा भोकं पाडलेला खोका, आणि वनविभागाची १९२६ हेल्पलाइन. संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेली जास्त येतात. मांजा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि पंखातला तुकडा तसाच राहू द्या. पंखाचा पडदा ओढला की फाटतो.

संशयात्मा_दादर
गाड्यांचं काय ते राहिलंच.

चिप्पीचं_फूल
आसुपालवाची फळं पिकतात ते काही आठवडेच हा प्रकार असतो. गाडीवर कव्हर, भिंतीला धुता येणारा रंग, आणि खालच्या फरश्यांवर सकाळी पाणी. डाग वाळायच्या आत धुतला तर निघतो, दुपारपर्यंत राहिला की बसला.
आणि सभेत एवढं सांगा: उंबर, वड, पिंपळ, देशी बदाम यांच्या बिया नेऊन टाकणारे हेच. आपल्या खाडीतली चिप्पी, म्हणजे राज्याचं कांदळवन वृक्ष, तिची फुलं रात्री उमलतात आणि परागीभवन वटवाघळं-पतंगांच्या भरवशावर असतं.

शेवंता_पक्षीमित्र
शिवाय एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं, हे सांगितलं की सभा गप्पच.

कान_टवकार
नका सांगू. हा आकडा ग्रिफिन आणि सहकाऱ्यांच्या १९६० च्या प्रयोगातून फुगत आलाय. बंद खोलीत सोडलेले डास, अमेरिकेतली मायोटिस जात, मिनिटाला दहाएक डास पकडले, त्याला साठने गुणलं. पुढे सहाशेचे हजार झाले. मोकळ्या हवेत पिपिस्ट्रेल पतंग, भुंगेरे, वाळवीचे पंखवाले, माश्या असं जे मिळेल ते खातं, डास त्यात असतात इतकंच. शिवाय आसुपालवावर जे येतं ते फळखाऊ, ते डास खातच नाही. सभेतला एखादा हुशार काका हे पकडेल आणि मग तुमचं खरंही खोटं ठरेल.

मीटर_डाऊन
तो काका प्रत्येक सोसायटीत असतो.

एसी_डक्ट
थोडं अवांतर. आमच्या इमारतीच्या विस्तार-सांध्यात (दोन भागांमध्ये सोडलेल्या फटीत) बारीक वटवाघळं आहेत, खिडकीच्या कट्ट्यावर लेंड्या पडतात. उंदराच्या की वटवाघळाच्या, कसं ओळखायचं? आणि मारल्याशिवाय घालवता येतील का?

माहीम_खाडी
मास्क लावा, लेंडी कागदात घेऊन चिरडा. भुसा होऊन त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसले तर वटवाघूळ. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते, अशी भुगा होत नाही.

घालवायचं तर आधी आत पिल्लं नाहीत याची खात्री. संध्याकाळी मोठी बाहेर पडल्यावर आतून बारीक चिवचिव येत असेल तर थांबा. नसेल तर फटीवर बारीक जाळीचा पडदा वरून आणि दोन्ही बाजूंनी चिकटवा, खालची बाजू मोकळी, फटीच्या खाली अर्धा मीटर लोंबती. ती खाली सरकत बाहेर पडतात, परतताना थेट फटीवर उतरू बघतात आणि जाळी आडवी येते. पाच-सात कोरड्या रात्री ठेवा, मग फट बुजवा. आजूबाजूच्या अंगठ्याएवढ्या फटी आधीच बुजवलेल्या हव्यात, नाहीतर ती शेजारच्या सांध्यात जातात. डांबरगोळ्या आणि "अल्ट्रासोनिक पळवणी यंत्र" यांवर पैसे घालू नका. आणि ती दिवसा आत असताना सिमेंट भरून टाकणं म्हणजे जिवंत गाडणं, वर महिनाभर वास.

खाकी_फाइल
परवानगीचं कुणीच बोललं नाही.
सोसायटीच्या आवारातून, रस्त्यावरून बघणं-मोजणं-रेकॉर्डिंग याला वनविभागाची परवानगी लागत नाही, जागामालकाची घ्या. राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे कान्हेरीच्या बाजूला, यंत्र लावायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी. कान्हेरीची लेणी पुरातत्त्व खात्याकडे, त्यांचं वेगळं पत्र. जाळं लावून पकडायचं नावही काढू नका, त्याला वन्यजीव कायद्याखाली संशोधनाचा परवाना आणि शिकलेला माणूस हवा. जाळ्यातलं जनावर दहा-पंधरा मिनिटांत सोडवलं नाही तर ते स्वतःला जखमी करतं.

पूर्वी फळवटवाघळं या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांत, उंदरांशेजारी होती. अपवाद फक्त सलीम अलींच्या नावाचं फळवटवाघूळ, ते पहिल्या अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीत ती उपद्रवी यादीच गेली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, आणि फ्लाइंग फॉक्स आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिकारीच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, हाकणं हेही येतं. फटाके लावून वस्ती उठवणाऱ्यांना हे दाखवा.

शेवंता_पक्षीमित्र
सलीम अलींवरून आठवलं, पहिल्या अनुसूचीत रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळही होतं ना?

खाकी_फाइल
होय. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमसने १९१३ मध्ये वर्णन केलेलं, बेळगावजवळच्या बारापेडे गुहेतलं. कित्येक वर्षं जगात तेवढी एकच गुहा माहीत होती, पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. रॉटन हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी जोडलेले. गोरेगावच्या वाचकांनी बसमधून उतरून जायची ही जागा नाही, गुहेत गर्दी झाली की पिल्लं पडतात.

नकाशेवाला
सगळ्या मुंबईच्या वस्त्यांचा उघडा गूगल नकाशा करू या का? प्रत्येकाने आपापली टाचणी लावायची.

चिप्पीचं_फूल
नको. दम्यावर आणि सांधेदुखीवर चालतं म्हणून मांस-तेलासाठी मारणारे अजून आहेत. वॉर्डपर्यंत उघडं ठेवा, झाड कुठलं ते आपल्यात.

नकाशेवाला
झाड लपवलं तर ते तोडताना बाहेरचा माणूस आक्षेप कसा घेणार? वृक्ष प्राधिकरणाची नोटीस बुंध्यावर लागते, मुदत थोडी असते. मैदानातली वस्ती तशीही कुणापासून लपलेली नाही, वासाने कळते.

खाकी_फाइल
दोन्ही जमतं. नकाशा उघडा नको, पण प्रत्येक झाडाचा फोटो, खोडाचा घेर छातीच्या उंचीला, आणि महिन्याचा आकडा असं पत्र उद्यान खात्याला आधीच देऊन पोच घ्या. नोटीस लागल्यावर धावण्यापेक्षा ते बरं.

आणि निनाद, तुमच्या कागदाचा खरा उपयोग तोडीपेक्षा छाटणीत आहे. पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते. फ्लाइंग फॉक्सला वर्षाला एकच पिल्लू, जन्म साधारण फेब्रुवारी ते मे. पहिले काही आठवडे आई त्याला घेऊन उडते, मग रात्री झाडावर ठेवून चरायला जाते. उडायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे करवत येते तेव्हाच फांदीवर न उडणारी पिल्लं लटकलेली असतात. "झाड कापू नका" म्हटलं की धोकादायक फांदीचं उत्तर येतं. "या तीन झाडांची छाटणी जानेवारीच्या आत उरका, तोवर फांदी क्रमांक ४ ला आधार द्या" असं मागितलं तर माणूस ऐकतो.

निनाद_गोरेगाव
हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे मोजणीच्या वहीत पिल्लांचा रकाना पाहिजे. पोटाशी चिकटलेलं पिल्लू दुर्बिणीतून कळतं का?

माहीम_खाडी
आईने पंख उघडून वारा घेतला की कळतं, म्हणजे या कामापुरती दुपार बरी. सगळी मोजू नका. नीट दिसतील अशा पन्नास जनावरांपैकी किती पिल्लासकट ते लिहा. फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला. पहिलं पिल्लू दिसलं ती तारीख आणि आई नसताना एकटं लटकलेलं पिल्लू पहिल्यांदा दिसलं ती तारीख, या दोन तारखा पत्रात ठळक लिहा.

संशयात्मा_दादर
रेन ट्रीच मिलीबगने (पिठ्या ढेकणाने) वाळले तर? आमच्याकडचे दोन गेले.

चिप्पीचं_फूल
गेलेत खरे, मुंबईत बरेच. वाळका रेन ट्री उभा ठेवणं धोक्याचं, तिथे वाद घालू नका. पण त्याच रांगेत आत्ताच वड-पिंपळ-अर्जुन लावून ठेवा, वस्ती सरकायला शेजारी उंच झाड लागतं. आणि वाळक्या झाडाच्या जवळून उघड्या वीजतारा जात असतील तर वीज कंपनीला आधी कळवा. दीड मीटरपर्यंत जाणारा पंखविस्तार दोन तारांना एकदम टेकतो आणि जनावर तिथेच लटकून राहतं.

निनाद_गोरेगाव
ठीक. रेकॉर्डरची वर्गणी पावसाळ्यानंतर. आता चार टॅली काउंटर आणि एक दुर्बीण. या शनिवारी पहिली संध्याकाळची मोजणी, सूर्यास्त सात-पाचच्या सुमारास आहे म्हणजे पावणेसातला गेटवर. टॉर्च आणायचा का?

माहीम_खाडी
वही वाचण्यापुरता, लाल जिलेटिन लावून. झाडावर मारायचा नाही.

बोरिवली_लास्ट_लोकल
मी येतो. पश्चिमेची दिशा मला द्या, स्टेशन त्याच बाजूला आहे.